छतातला लाइट बदलताना केबल पक्की कशी धरायची

लाइट बदलायचा म्हणजे फेजला फेज, न्यूट्रलला न्यूट्रल जोडला की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. जोड जमवणं फारसं अवघड नाहीच. तो जोड टिकणार की नाही, हे मात्र केबल कुठं आणि कशानं धरली आहे त्यावर ठरतं. फिटिंगचं वजन, पंख्याच्या वाऱ्यानं होणारी हालचाल, बल्ब बदलताना होल्डरला बसणारा पीळ, जळमटं काढताना लागलेला झाडूचा धक्का, हे सगळं कुणीतरी सोसायचं असतं. ते टर्मिनलच्या, म्हणजे वायर जोडायच्या जागेच्या, स्क्रूखालच्या बारीक तांब्याच्या तारांवर आलं की एकेक तार तुटत जाते, जोड ढिला होतो, ढिला जोड तापतो आणि तापलेलं पीव्हीसी काळं पडून कडक होतं. बाहेरून काही दिसत नाही. लाइट अधूनमधून लुकलुकतो, आणि घरातले म्हणतात, बल्ब खराब असेल.

म्हणून मी कामाला सुरुवात करताना एकच गोष्ट डोक्यात ठेवते: ओढ टर्मिनलपर्यंत पोचता कामा नये. जोड ज्यात असतो तो बॉक्स छताला पक्का, फिटिंग बॉक्सला किंवा हुकाला पक्कं, आणि केबल बॉक्सच्या तोंडाशी पक्की. या तीन पकडी वेगवेगळ्या हव्यात. एकीचं काम दुसरीवर ढकललं की तिथंच बिघाड होतो.

मी चिपळूण भागात घरगुती वायरिंगची कामं करते. आयटीआयला तारतंत्रीचा (वायरमनचा) ट्रेड केला, तेव्हापासून हेच काम. इथं जुनी कौलारू घरं आणि नवे स्लॅब शेजारीशेजारी आहेत, चार महिने हवेत ओल असते, त्यामुळे दोन्हीकडची दुखणी बघायला मिळतात. खाली लिहिलंय ते या अनुभवातून.

आधी एक स्पष्ट करते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवा, पंखा, स्विच, फिटिंग जसं होतं तसंच बदलायला घरमालकाला मुभा आहे. नवा पॉइंट काढणं, लाइन वाढवणं, वायरिंगमध्ये फेरफार करणं हे परवानाधारक कंत्राटदाराचंच काम. बॉक्स उघडल्यावर आत जळकं, ओलं किंवा न समजणारं काही दिसलं तर झाकण लावा आणि माणूस बोलवा.

वीज खरोखर बंद आहे का

भिंतीवरचा स्विच बंद करून वर चढू नका. जुन्या घरांत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेला सापडतो. तेव्हा लाइट विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत असतो. डीबीमधला (घरातल्या सगळ्या लाइन जिथून निघतात त्या डब्यातला) त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पाडा, कुठला ते कळत नसेल तर मेनच पाडा.

त्यानंतर इन्व्हर्टर. हे लोक हमखास विसरतात. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो त्याच क्षणी बॅटरीवरून लाइटच्या लाइनला २३० व्होल्ट द्यायला लागतो. म्हणजे मेन बंद केल्यानं लाइटचा पॉइंट बंद होत नाही. इन्व्हर्टरचं बटण बंद करा आणि त्याचं आउटपुट सोडवा. घरच्यांना सांगून ठेवा, डीबीवर कागद चिकटवा: काम चालू आहे, हात लावू नका.

मग तपासणी. निऑनचा साधा टेस्टर लाकडी घोड्यावर किंवा फायबरच्या शिडीवर उभं राहून लावला तर कधीकधी पेटत नाही, कारण तुमच्या अंगातून जमिनीपर्यंत वाट नीट मिळत नाही. टेस्टर पेटला नाही म्हणून वीज नाही, असं धरू नका. मी टेस्ट लॅम्प (होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब) किंवा मल्टीमीटर वापरते. आधी तो चालू सॉकेटवर लावून बघते, मग बॉक्समध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासते, आणि परत चालू सॉकेटवर लावून उपकरण ठीक असल्याची खात्री करते. एकाच पाइपमधून जाणाऱ्या दुसऱ्या वायरीमुळे मल्टीमीटरवर उगाच थोडे व्होल्ट दिसतात. टेस्ट लॅम्प लावला की ते कोसळतात. खरे व्होल्ट असतील तर लॅम्प पेटतो.

बॉक्स उघडल्यावर काय बघायचं

स्लॅबच्या घरात छतात पीव्हीसीचा गोल डीप बॉक्स असतो, जुन्या कामात लोखंडी. पंख्याच्या जागी हुकवाला फॅन बॉक्स. कौलारू घरात तुळईला किंवा वाशाला ठोकलेला लाकडी गोल ब्लॉक, त्यावर सीलिंग रोझ, म्हणजे लोंबत्या दिव्याची वायर जिथून खाली सोडतात ती गोल डबी. कुठलाही असो, आधी बॉक्सच हलतोय का बघा. स्लॅबमधला बॉक्स काँक्रीटमध्येच बसलेला असतो, तो सहसा हलत नाही. पण त्याचे स्क्रूचे कान तुटलेले असतात आणि मग कुणीतरी फिटिंग एकाच स्क्रूवर लटकवलेलं असतं. कान तुटला असेल तर बॉक्सच्या बाजूला स्लॅबला ड्रिल मारून, गट्टी घालून फिटिंगची पट्टी तिथं बसवा. ड्रिल मारताना बॉक्समध्ये येणारे पाइप कुठल्या दिशेनं आलेत ते आत बघून घ्या आणि त्या रेषा टाळा.

मग वायरी. बॉक्सच्या तोंडाबाहेर एक वीत, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर वायर मोकळी मिळायला हवी. वायर आखूड असेल तर जोड ताणूनच होतो आणि ताणलेला जोड हे पहिल्या दिवसापासूनचं दुखणं. अशी वायर ओढून लांब करायचा प्रयत्न करू नका. पाइपात वायर ओढायची स्प्रिंग टाकून नवी वायर ओढून घ्यायची. अगदीच शक्य नसेल तर बॉक्समध्येच चांगल्या कनेक्टरनं तुकडा जोडायचा. पाइपच्या आत जोड कधीही नको.

वायरचं टोक बोटात धरून हळूच वाकवून बघा. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा ७० अंश सेल्सिअसची. बंद काचेच्या गोळ्यात वर्षानुवर्षं १०० वॅटचा बल्ब जळलेला असला, की बॉक्समधला शेवटचा बोटभर भाग पापडासारखा मोडतो. तेवढा भाग कापून मऊ इन्सुलेशनपर्यंत मागं जा. मागंही तसंच असेल किंवा वायर रबराची जुनी निघाली, तर ती न हलवता पूर्ण लाइन बदलायला घ्या. तांबं हिरवं पडलं असेल तर तेही कापा. आमच्याकडच्या दमट हवेत हे सर्रास दिसतं, आणि हिरव्या थरावर स्क्रू कितीही आवळला तरी जोड तापतोच.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण शहरात तळमजले बुडाले. त्यानंतर कितीतरी बॉक्समधून वाळलेला गाळ काढला. पाण्यात बुडालेली चांगली वायर धुऊन, वाळवून, मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या मीटरनं) तपासून कधी वाचते. कनेक्टर, होल्डर आणि एलईडीचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणाऱ्या डब्या) मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नये.

खरी पकड

आता मुद्द्याचं. केबल बॉक्समध्ये शिरते तिथं तिला बाहेरच्या आवरणावरून धरायचं असतं, आतल्या कोअरवरून, म्हणजे एकेका सुट्या वायरीवरून, नाही. तीन कोअरची फ्लेक्सिबल केबल असेल तर तिचं बाहेरचं आवरण बॉक्सच्या आत साधारण एक सेंटिमीटर यायला हवं. लाल, काळा, हिरवा कोअर बॉक्सच्या बाहेर उघडा दिसत असेल तर ते काम चुकलेलं आहे, लाइट कितीही छान पेटो.

पीव्हीसी जंक्शन बॉक्सला सगळ्यात सोपी पकड म्हणजे ग्लँड: आट्यांची नळी, जिची टोपी आवळली की आतलं रबर केबलला धरतं. दुकानात जाताना केबलचा तुकडा बरोबर न्या आणि ग्लँडमध्ये घालून बघा. टोपी सैल असताना केबल सहज सरकली पाहिजे, टोपी आवळल्यावर जागची हलता कामा नये. भोक ग्लँडच्या आट्यांच्या मापाचं पाडा, मोठं झालं तर ग्लँड फिरत राहतो. ग्लँडची बाहेरची टोपी काढून केबलवर आधी ओवा, केबल आत घाला, बॉक्सच्या आतून नट पक्का करा आणि शेवटी टोपी हातानं आवळा. वरून पान्याचा अर्धा फेरा पुरे. त्यापुढं आवळलं तर रबर केबलमध्ये रुततं आणि आवरण दबून आतल्या कोअरवर भार येतो. झालं की केबल मुठीत धरून जोरात ओढा. आतला कोअर हललेला दिसला तर पकड झालेली नाही.

लोखंडी बॉक्सच्या भोकाला काळी रबरी बुश लावलेली असते. ती पत्र्याच्या धारेपासून केबलला वाचवते, पण केबल धरत नाही. बुश असली तरी आत क्लँप किंवा ग्लँड हवाच. बुशच नसेल तर केबल घालूच नका, पत्र्याची धार इन्सुलेशन हळूहळू कापते. केबल टायचंही, म्हणजे आवळून बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीचंही, तसंच. आत टाय घट्ट बांधून “आता बाहेर येत नाही” म्हणणारे भेटतात. पण टाय केबलवर सरकतो, आणि आत ढकलल्यावर केबल आत जातेच. पकड दोन्ही दिशांनी हवी.

सुट्या वायरी पाइपमधून येत असतील तर त्यांना पाइपच सांभाळतो, म्हणून पकड पाइपची. पाइप बॉक्सच्या तोंडात सोल्युशन लावून पूर्ण बसवा आणि उघड्यावरच्या पाइपला बॉक्सपासून ३० सेंटिमीटरच्या आत पहिलं सॅडल (पाइप धरणारी कमानदार पट्टी) मारा.

लोंबत्या दिव्यासाठी सीलिंग रोझ लावता तेव्हा त्याच्या तळाला दोन खाचा किंवा छोटे दांडे असतात. ते शोभेसाठी नाहीत. वायरीचे दोन कोअर त्यांच्या भोवतीनं वळवून मग टर्मिनलला न्यायचे, म्हणजे दिव्याचं वजन त्या दांड्यांवर येतं आणि टर्मिनलजवळची वायर सैल राहते. खाली होल्डरमध्येही तशीच सोय असते. नसेल, तर दोन्ही कोअरची गाठ मारून ती टोपीच्या आत ठेवायची. गोल जाड केबलला गाठ मारू नका, तिला क्लँपवाला होल्डरच हवा. एका रोझमधून एकच फ्लेक्सिबल वायर खाली सोडायची, दोन नाहीत.

कौलारू घरातला एक प्रकार मला फार खटकतो. केबल वाशाला धरायला लोक खिळा अर्धा ठोकून वाकवतात. एका घरात माजघरातला लाइट पावसात आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पाडत होता. आजोबा म्हणाले, “पोरी, उन्हाळ्यात काही होत नाही बघ.” ब्लॉकपासून हातभर अंतरावर तसाच एक खिळा होता. तो उपटला तर गंजलेल्या बाकाखाली केबलच्या आवरणावर तपकिरी चर पडला होता, आणि चराच्या तळाशी लाल कोअरचं तांबं सुईच्या टोकाएवढं चमकत होतं. लाकूड ओलं झालं की तिथून गळती, सुकलं की ठीक. कनेक्शनं सगळी बरोबर होती. तेवढी केबल बदलून पाइपमध्ये घातली, दीड-दोन फुटांवर सॅडल मारले. पाइपचा दुसरा फायदा उंदरांपासून.

जड फिटिंग आणि फॉल्स सीलिंग

माझा स्वतःचा नेम असा: हातात धरल्यावर वजन जाणवतं असं कुठलंही फिटिंग बॉक्सच्या कानांवर टांगायचं नाही. झुंबरासाठी स्लॅबमध्ये अँकर फास्टनर घालून हुक बसवायचा. फॅन बॉक्सचा हुक असेल तर उत्तम. केबल साखळीतून सैल ओवायची आणि साखळीपेक्षा हातभर लांब ठेवायची, म्हणजे साखळी ताणली तरी केबल ढिलीच राहते. हुकाच्या सळीवर केबल घासत असेल तर तिथं स्लीव्ह चढवा.

फॉल्स सीलिंगमध्ये सगळ्यात जास्त आळस होतो. वरच्या स्लॅबमधून दोन वायरी मोकळ्या सोडलेल्या, एलईडी पॅनेलच्या ड्रायव्हरला पीळ देऊन टेप गुंडाळलेली, आणि सगळं जिप्समवर पडलेलं. खालून बघणाऱ्याला चकाचक. छताखालच्या त्या बंद पोकळीत दुपारी गरम होतं, टेपचा गोंद सुटतो, आणि उघडा जोड सीलिंगच्या सांगाड्याच्या, म्हणजे चॅनेलच्या, पत्र्यावर टेकतो. स्लॅबच्या बॉक्सपासून फ्लेक्सिबल पाइप आणा, तो छोट्या जंक्शन बॉक्समध्ये संपवा, बॉक्स स्लॅबला किंवा पक्क्या सपोर्टला स्क्रू करा. बॉक्स पॅनेलच्या भोकातून हात घालून सापडेल इतका जवळ ठेवा, नाहीतर पुढच्या दुरुस्तीला सीलिंग फोडावं लागतं. बॉक्समधून ड्रायव्हरपर्यंत केबल ग्लँडमधून. पॅनेल स्प्रिंगवर खाली ओढलं तर ते लोंबेल एवढी केबल मोकळी ठेवा. चॅनेल कापलेली धार केबलच्या वाटेत येत असेल तर केबलची वाट बदला.

जोड आणि अर्थ

पकड झाली की जोड. वायर ८ ते १० मिलिमीटर सोला, किंवा कनेक्टरवर लिहिलंय तेवढी. सुरीनं गोल फिरवू नका, तांब्यावर चर पडतो आणि तिथंच तार मोडते. स्ट्रिपर दीडदोनशे रुपयांतही मिळतो. बारीक तारा घट्ट पिळा, एकही बाहेर राहू देऊ नका, भोकात मावत नाहीत म्हणून चार तारा कापूनही टाकू नका. स्क्रूच्या टर्मिनलला पिन थिंबल (तारांवर बसवायची धातूची टोपी) क्रिंप करून, म्हणजे दाबून, लावलं तर काम देखणं आणि टिकाऊ होतं. वायरच्या टोकाला कथिल लावून स्क्रूखाली घालायची जुनी सवय सोडा, कथिल दाबाखाली सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो. लिव्हरचे कनेक्टर वापरत असाल तर पारदर्शक घ्या, तांबं शेवटपर्यंत गेलंय का ते दिसतं. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर एकेक करून दोन बोटांनी ओढून बघा.

लाइटच्या लाइनला मी १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घालते, डीबीत ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. फिटिंगमधली बारीक वायर आणि ही जाड वायर एकत्र पिळून एकाच स्क्रूखाली कोंबू नका, जाड वायर स्क्रू पकडते आणि बारीक सैल राहते.

अर्थचा हिरवा कोअर बाकी दोघांपेक्षा थोडा लांब ठेवा. कधी केबलला जबरदस्त हिसका बसून पकड सुटलीच, तर आधी फेज तुटला पाहिजे आणि अर्थ सगळ्यात शेवटी. हा छोटा भाग वेळ खातो म्हणून वगळला जातो, पण जीव वाचतो तो यानंच. धातूच्या फिटिंगला अर्थ हवाच, लोखंडी बॉक्सलाही. जुन्या घरात लाइटच्या पॉइंटवर अर्थच आलेला नसतो. तिथं धातूचं फिटिंग लावू नका. न्यूट्रलवरून अर्थ काढायची युक्ती तर मुळीच नको, ती जीवघेणी आहे. चौकोनात चौकोन असं चिन्ह असलेलं प्लास्टिकचं फिटिंग घ्या, त्याला अर्थ लागत नाही.

पडवी, ओटी, गेट

बाहेरच्या दिव्याला केबल शक्यतो बॉक्सच्या खालच्या बाजूनं आत घ्या. आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, आत जात नाही. बॉक्स आयपी ६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणारा, घ्या, आणि न वापरलेल्या भोकांना बूच लावा. मुंग्या आणि पालीची पिल्लं याच भोकांतून आत जातात. पावसात छतातल्या बॉक्समधूनच पाणी टपकत असेल तर सिलिकॉन भरून ते अडवू नका. पाणी गच्चीवरून पाइपात शिरलेलं असतं, अडवलं तर ते दुसऱ्या बॉक्समध्ये उतरतं. ती लाइन बंद ठेवून आधी गच्चीची गळती काढा.

झाकण लावण्याआधी

वायरी बॉक्समध्ये गोल वळवून बसवा, कोंबू नका. फिटिंगचा तळ छताला टेकवताना कुठली वायर खाली चेमटत नाही ना, ते बोट फिरवून बघा. न्यूट्रल चेमटून फिटिंगच्या धातूला लागला की आरसीसीबी पडतो, आणि लोक फिटिंगच परत दुकानात घेऊन जातात. मेगर असेल तर ड्रायव्हर आणि दिवे सोडवून ५०० व्होल्टवर तपासा, किमान १ मेगाओहम हवा. चांगल्या कामात त्याहून खूप जास्त येतो. ड्रायव्हर जोडलेला ठेवून मेगर मारला तर ड्रायव्हर जातो.

आता एमसीबी उचला, लाइट लावा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. लाइट तासभर चालू ठेवा. मग एमसीबी पाडा, इन्व्हर्टर पुन्हा बंद करा, झाकण खाली घेऊन कनेक्टरला हाताची पाठ लावा. कोमट चालेल, चटका बसत असेल किंवा जळल्याचा वास असेल तर तो जोड सोडवून नव्यानं करा. सगळं ठीक असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं एमसीबीचा क्रमांक आणि तारीख लिहा, इन्व्हर्टरवरची लाइन असेल तर तेही लिहा, आणि स्क्रू लावा.